मॅरिकोपात नसलेलं मॅरिकोपा

ऑर्विल टॅकेट यांनी शेजारच्या सीटवर केकचा खोका ठेवून त्याला पट्टा बांधला होता, आणि एसी इतका वाढवला होता की त्यांचंच नाक गळायला लागलं. नातवाचं लग्न मॅरिकोपा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात तीन वाजता होतं. ब्राइसने फोनवर बजावलं होतं, "आजोबा, पत्ता नीट बघा. दर वेळी कुठेतरी भलतीकडे पोचता." म्हणून त्यांनी फोनच्या नकाशात स्वतःच्या बोटाने 'मॅरिकोपा' असं टाकलं आणि तो म्हणेल तसे वळत राहिले.

निवडुंग संपले, कापसाची शेतं लागली, मग मॅरिकोपाची पाटी आली. कोर्ट काही दिसेना. उन्हात केक टिकणार नाही म्हणून ते खोका घेऊनच एका खानावळीत शिरले.

"काउंटीचं कोर्ट कुठे हो?" त्यांनी गल्ल्यावरच्या लॅव्हॉनबाईंना विचारलं.

"फिनिक्सला."

"पण हे मॅरिकोपाच ना?"

"गाव मॅरिकोपा. काउंटी पिनाल."

ऑर्विल सावकाश खुर्चीवर बसले. "म्हणजे मॅरिकोपा मॅरिकोपात नाही?"

"नाही. तुमचं गाव कुठलं?"

"नेब्रास्का."

"तुमच्या अख्ख्या नेब्रास्काच्या दुप्पट माणसं राहतात त्या काउंटीत. आमच्या राज्यातली निम्म्याहून जास्त. फक्त आमचंच गाव बाहेर राहिलं." त्यांनी केक उचलून फ्रिजमध्ये सरकवला.

"मग नाव तरी तुमचंच का?"

"नाव माझ्या आजीच्या जमातीच्या लोकांचं. ते स्वतःला पीपाश म्हणतात. मॅरिकोपा हे दुसऱ्यांनीच ठेवलेलं. मग काउंटीने उचललं, गावाने उचललं. आजीला कुणी विचारलं नाही. कॉफी घेणार?"

कॉफी आली. आता ब्राइसला फोन करायचा, म्हणजे आयुष्यभर ऐकून घ्यायचं. आपला एकुलता एक नातू, आणि त्याच्या लग्नाला आपण वेगळ्याच काउंटीत. त्यांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

तेवढ्यात दार उघडलं. घामाने डबडबलेला, कोट हातात धरलेला एक तरुण आत आला आणि म्हणाला, "मावशी, इथे काउंटीचं कोर्ट..."

आजोबांनी मान वर केली.

ब्राइसचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "तुम्ही इथे काय करताय?"

"जे तू करतोयस तेच. तू तर जन्मापासून फिनिक्समध्ये राहतोस ना रे?"

"कोर्टात कधी गेलोय मी?" तो पुटपुटला. "आजोबा, मारिसोलला कळलं तर ती लग्नच करायची नाही."

ब्राइसचा फोन वाजला. मारिसोलचाच. ब्राइस नुसता बघत राहिला. शेवटी ऑर्विलनी तो उचलला.

"पोरी, मीच चुकलो. मॅरिकोपा गावात येऊन बसलोय. ब्राइस मला न्यायला आलाय."

तिचा आवाज पार विरघळला. "लग्नाच्या दिवशी? आजोबांसाठी? किती गुणी आहे तो. सावकाश या, न्यायाधीश बाई पाचपर्यंत थांबतायत."

ब्राइसने डोळे मिटून घेतले.

"फक्त माझ्या आईचा पत्ता नाही," मारिसोल म्हणाली. "ती फोनच उचलत नाहीये."

ऑर्विलनी खिडकीबाहेर पाहिलं. जांभळ्या झग्यातल्या एक बाई मोठा पुष्पगुच्छ डोक्यावर धरून, रस्त्यावरच्या माणसाला काहीतरी विचारत होत्या. त्याने मान हलवली आणि बोट थेट फिनिक्सच्या दिशेने दाखवलं.

ब्राइसनेही तिकडे पाहिलं आणि आजोबांच्या हातून फोन घेतला.

"काळजी करू नकोस," तो म्हणाला. "आईंनाही घेऊनच येतोय."