दिगंबररावांची मोजणी

दिगंबरराव कॉम्प्युटरचा माउस टेबलाच्या खणात, कुलपात ठेवत. कोणी विचारलंच तर म्हणत, "त्याचं इथं काई काम नाई."

मुलांनो, तुमच्यातला थोरला कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. परवा त्यानं फोनवर विचारलं, साध्या माणसांना पडदा आपापल्या आवडीनं मांडून घ्यायचा असतो का. मला दिगंबरराव आठवले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्याच्या सीमेपलीकडे, गुडीहत्नूरकडच्या एका मराठी शाळेत मी मुख्याध्यापिका होते आणि ते कारकून. टाइपरायटरवर तीस वर्षं काढलेली. बोटांकडे न बघता टाइप करत. चष्मा मात्र रोज विसरत. आलेला कागद कोणाच्याही हातात देऊन म्हणत, "वाचा बरं जरा, चष्मा घरी राह्यला."

कॉम्प्युटर शिकवायला हैदराबादचा एक माणूस आला. पडद्याचा रंग, चित्रांच्या जागा, सगळं मर्जीप्रमाणे बदलता येतं, असं त्यानं सांगितलं. तेलुगूच्या सरांनी लगेच कमळ लावलं. चित्रकलेच्या सरांनी ते काढून मासे सोडले. दोन दिवसांत दोघंही विसरले. दिगंबरराव एवढंच म्हणाले, "हमको पैलेवालाच होना," आणि सगळं पूर्ववत करून घेतलं. बाणाची कळ मोजून दाबत ते काम करत. तीनदा खाली की हजेरीपट, पाचदा खाली की दाखला.

ती अस्ताव्यस्त मांडणी मला खुपायची. दिवाळीच्या सुट्टीत माझ्याजवळच्या किल्लीनं खणातून माउस काढून मी पडद्यावरची नावं अकारविल्हे लावली. त्याच भरात खोली आवरली. माझी खिडकीजवळची खुर्ची दारापाशी आणली, तिच्या जागी कपाट ठेवलं.

शाळा उघडली त्या सकाळी दिगंबररावांनी कपाटाला वाकून नमस्कार केला. "नमस्कार, बाई." सगळे हसले. मला तो टोमणा वाटला. मी तोंड फिरवून टपाल चाळायला लागले.

दुपारी एका मुलीचे वडील दाखला न्यायला आले. छापून निघाला शिपायाच्या रजेचा अर्ज. पुन्हा काढला, पुन्हा तोच. मी त्यांना उद्या यायला सांगितलं. दिगंबरराव हात मांडीवर ठेवून बसून होते.

"बाई, तुमी काई हलवलं का?"

मी म्हटलं, हो, आता सोपं जाईल, नाव वाचलं की झालं.

"वाचता आलं असतं तर मोजत काऊन बसलो असतो?"

वर्षभर त्यांना आकार दिसत होते, अक्षरं नव्हती. चष्म्याचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष होतं. मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"तुमी शिस्तीच्या. घरी बसवलं असतं."

बसवलं असतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं बसलो. जुनी मांडणी मला आठवत नव्हती. त्यांना पाठ होती. माउस त्यांनीच खणातून काढून दिला. ते सांगत गेले, मी लावत गेले. अक्षरं मोठी करता येतात, हे आठवून मी तीही करून दाखवली. पडद्याला नाक लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"राहू द्या, बाई. होतं तसंच बरं."

मग शिपायाला बोलावून मी कपाट हलवलं, खुर्ची परत खिडकीजवळ आणली.

दुसऱ्या सकाळी दिगंबरराव आले, खिडकीकडे वळले आणि वाकले. "नमस्कार, बाई."

मी खुर्चीतून उठून हात जोडले. ते त्यांना दिसले नसतील म्हणून मोठ्यानं म्हटलं, "नमस्कार, दिगंबरराव."