शेवटच्या रांगेतलं हसू

वहीत तिसऱ्यांदा तीच खूण करायची वेळ आली, तेव्हा होतकरूचं डोकं फिरलं. चार वर्षं प्रत्येक जाहिरातीत त्याच्या नावाआधी ‘होतकरू विनोदवीर’ असं छापून येत होतं, म्हणून मित्रांनी खरं नाव टाकून देऊन तेवढंच ठेवलं होतं. दिवसा तो चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर काढायचा आणि रविवारी दुपारी एका छोट्या सभागृहात दहा मिनिटं लोकांना हसवायचा. कार्यक्रम फोनवर रेकॉर्ड करायचा, घरी ऐकायचा आणि कुठे किती हसू आलं ते वहीत मांडायचं, ही त्याची शिस्त. विनोदाच्या धंद्यात शिस्त लागते, हे हसणाऱ्यांना कुठून कळणार?

तर तीन रविवार एक हसू वेळेआधीच येत होतं. विनोदाच्या शेवटच्या वाक्याआधी तो जरासा थांबायचा. सगळी गंमत त्या थांबण्यात असते. नेमकं तेव्हाच मागच्या अंधारातून कुणीतरी ‘ख्यॅक’ करायचं, लोक वळून बघायचे आणि वाक्य वाया जायचं. पुढच्या रविवारी सभागृहाच्या मालकीणबाई वीस गावांच्या दौऱ्यासाठी एकाला निवडणार होत्या. त्या दिवशीही हे झालं, तर दौरा गेलाच म्हणून समजा.

कोण असेल? त्याला राहवेना. तिसऱ्या रविवारचा विनोद तर कोरा करकरीत होता, कुणालाही न सांगितलेला. फक्त घरी, खोलीचं दार लावून घोकलेला. म्हणजे हसणारा भिंतीपलीकडचा असणार. त्याने शेजाऱ्यांना आडून आडून विचारलं, तर शेजारी म्हणाले, ‘तुम्ही विनोद करता?’ चार वर्षांची पुण्याई ती एवढीच.

घरात राहिली ती फक्त आत्या. पण तिच्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या आत्याचे दात त्याने कधी पाहिले नव्हते. रविवारी ती वाचनालयात जायची आणि आल्यावर न चुकता विचारायची, हे सगळं कधी सोडणार आहेस?

मग त्याने युक्ती काढली. आठवडाभर घरी एकच विनोद घोकला. एक माणूस डोळे तपासायला येतो आणि चष्म्याशिवाय तक्त्यातली बारीक ओळसुद्धा वाचून दाखवतो. मग चष्मा कशाला हवा? तर म्हणतो, घरातली कामं आजवर दिसली नाहीत, त्याला पुरावा हवाय. मंचावर मात्र शेवट बदलायचा, आणि तोंड उघडेपर्यंत स्वतःच्या भिंतींनाही कळू द्यायचा नाही. म्हणजे घरचा शेवट ऐकून आधीच हसणारा आपोआप उघडा पडेल.

रविवार आला. मालकीणबाई पहिल्या रांगेत. विनोद रंगला, तो थांबला, मागून ‘ख्यॅक’ आलंच. त्याने लगेच नवा शेवट टाकला, “तो म्हणाला, तक्ता पाठ आहे हो, दर वर्षी इथंच येतो.”

सभागृह शांत. आणि शेवटच्या रांगेतून वर्गात ऐकू यावा असा खणखणीत आवाज आला, “अरे, पुरावा हवाय. पुरावा. आठवडाभर घोकलंस ना?”

त्यानंतर जे हसू उसळलं, तसं चार वर्षांच्या वहीत एकदाही नव्हतं. होतकरू मात्र गोठून उभा होता. आवाज आत्याचा होता.

कार्यक्रम संपल्यावर त्याने तिला दारात गाठलं. “तू दर रविवारी इथे येतेस?”

“मग काय करू? तू मधेच विसरून उभा राहतोस, माझा जीव टांगणीला लागतो. म्हटलं, आपण हसावं, म्हणजे लोकांना वाटेल झालं संपलं.”

“आत्या, मी विसरत नाही गं. ते थांबणं मुद्दाम असतं.”

“मुद्दाम?” आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पोराने उत्तरपत्रिका मुद्दाम कोरी दिली होती. आणि त्याला एकदम भरून आलं. इतके रविवार ही बाई न आवडणाऱ्या गोष्टीला एकटीने हसत होती.

एवढ्यात मालकीणबाई आल्या. “कमाल आहे तुम्हा दोघांची. दौऱ्याला दोघंही हवेत. आणि हे जसंच्या तसं.”

पहिल्याच गावी सभागृह तुडुंब भरलं. विनोद रंगला, होतकरू ठरल्याप्रमाणे ‘विसरला’. आता मागून आत्याने ओरडून शेवट सांगायचा होता, पण आवाज आला नाही. त्याने वाट पाहिली. अजून पाहिली. घाम फुटला, कान लाल झाले, आणि खरा शेवट कुठला होता तेच त्याला आठवेना. मागे कुणीतरी धाप लागेपर्यंत हसत होतं. ते हसू पसरत पुढे आलं आणि सगळं सभागृह लोळायला लागलं.

तो मंचावरून उतरून धावत मागे गेला. आत्या रुमालाने डोळे पुसत होती.

“बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? तुझं तोंड असलं झालं होतं,” ती कशीबशी म्हणाली, “की मला आज खरंच हसू आलं रे.”