दूरगामीचा सातवा रकाना

नकाशेवाल्या काकांनी आपल्या बायकोला समुद्र दाखवायचे ठरवले, ही गोष्ट बेचाळीस वर्षांपूर्वीची. निर्णय एकमताने झाला होता. समुद्र तीनशे दहा किलोमीटरवर होता, हे काकांना पक्के ठाऊक होते. कारण ते नकाशा कार्यालयात नोकरीला होते आणि किनाऱ्याचा रस्ता त्यांनी स्वतःच्या हाताने, बारीक निबेने, एकेक वळण सांभाळत काढला होता. काढला होता, पाहिला नव्हता.

प्रवासासाठी त्यांनी स्कूटर घेतली. नाव 'दूरगामी'. फार लहान नाही, फार मोठी नाही, अशी मधल्या अंगाची गाडी. दोन माणसे, पायापाशी एक ट्रंक, मागे एक जादा चाक आणि किक. एवढाच तिचा संसार. काकूंनी पिशवी भरली. निघण्याआधी सराव असावा म्हणून काकांनी काकूंना मागे बसवून गावाबाहेर अकरा किलोमीटर नेऊन आणले.

"सीट जरा कडक वाटली नाही का गं?"

"मला नाही बाई वाटली."

पण काका पडले कार्यालयीन माणूस. गाडीबरोबर सात रकान्यांचा सूचना-फॉर्म आला होता, आणि समोर आलेला फॉर्म कोरा सोडणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी लिहिले : सीट कडक आहे. सातवा रकाना होता : 'आपण या गाडीवरून केलेला सर्वांत लांबचा प्रवास'. अकरा किलोमीटर लिहायची लाज वाटली, म्हणून काकांनी वळणदार अक्षरात लिहिले : 'लागू नाही'.

आता या कंपनीची एक रीत होती. ग्राहकाची कोणतीही सूचना नाकारायची नाही, अशी तिच्या संस्थापकांनी शपथ घेतली होती. अकराव्या दिवशी उत्तर आले. 'आपल्या सूचनेची सकारात्मक नोंद घेण्यात आली असून पुढील मॉडेलमध्ये आसन मऊ करण्यात येईल. तूर्तास लांबचा प्रवास ग्राहकाने स्वतःच्या जबाबदारीवर करावा.'

स्वतःच्या जबाबदारीवर! काकांनी आयुष्यात स्वतःच्या जबाबदारीवर पेन्सिलीला टोकही केले नव्हते.

"मग कधी जायचं?" काकूंनी विचारले.

"पुढच्या मॉडेलात."

पुढचे मॉडेल आले. सीट इतकी मऊ, की बसलेला माणूस आत किती गेला हे बघायला शेजारी यायचे. जुनी गाडी काकांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या मिस्त्रीला देऊन टाकली.

"चांगली गाडी आहे की काका, का काढताय?"

"सीट कडक आहे."

मिस्त्रीने अंगठ्याने सीट दाबून पाहिली, मग काकांना न्याहाळले, आणि हात पुसले.

मऊपणामुळे सीट चार बोटे उंच झाली होती आणि काकूंचे पाय लोंबकळू लागले होते. काकांनी कळवले. तिसऱ्या मॉडेलात पायाखालची फळी चार बोटे वर आली. पाय टेकले, पण ट्रंक बसेना. काकांनी कळवले. चौथ्यात ट्रंकेसाठी जागा केली, ती जादा चाक काढून. आता पंक्चर झाले तर? कंपनीने जादा चाकाऐवजी धीर देणारी एक पुस्तिका दिली. तिच्या पहिल्या पानावर छापले होते : 'घाबरू नका'. दुसऱ्या पानापासून जाहिराती होत्या.

पाचव्या मॉडेलात वारा अडवायला काच आली. काचेमुळे गाडी इतकी जड झाली, की स्टँडवर घ्यायला चार माणसे लागत. म्हणून सहाव्यात ते काम करणारी मोटर आली, मोटरसाठी मोठी बॅटरी आली आणि बॅटरीला जागा हवी म्हणून पेट्रोलची टाकी लहान झाली. गाडी आता एका टाकीत साठ किलोमीटर जात असे. काकांनी नम्रपणे लिहिले, की समुद्र तीनशे दहा किलोमीटरवर आहे, आणि सोबत नकाशा जोडला.

उत्तर आले : 'आमच्या पाहणीनुसार दूरगामीच्या ग्राहकाचा सरासरी प्रवास रोज दोन किलोमीटर तीनशे मीटर आहे. त्या मानाने एक टाकी आपणांस सव्वीस दिवस पुरेल. सव्वीस दिवसांत समुद्र न आल्यास कळवावे.'

काकांनी पत्र फाइलला लावले. "बघ, किती बारकाईने विचार करतात ही माणसं!"

काकूंच्या भरलेल्या पिशवीतल्या वस्तू एव्हाना एकेक करून घरात परत आल्या होत्या. आधी टॉवेल आला, मग स्वेटर, मग विजेरी. शेवटी पिशवीच बटाटे ठेवायला निघाली. काकूंचे गुडघे कुरकुरू लागले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला. अधूनमधून त्या एवढेच म्हणत, "अहो, दिसतंय तोवर न्या."

"हे काय, पुढच्याच मॉडेलात!"

आणि मग नववे मॉडेल आले. 'दूरगामी अंतिम'. ते घेऊन कंपनीचे सूचना-अधिकारी स्वतः काकांच्या घरी आले, कारण एकतीस सूचना देणारे काका हे कंपनीचे सर्वांत निष्ठावान ग्राहक ठरले होते. गाडी टेम्पोतून उतरवून सहा जणांनी बैठकीच्या खोलीत आणून ठेवली.

"चाकं कुठायत?" काकूंनी विचारले.

"बाईसाहेब, गेल्या चाळीस वर्षांतल्या तक्रारी आम्ही तपासल्या," अधिकारी हात जोडून म्हणाले. "पंक्चर, ब्रेक, घसरणं, धूळ. सगळ्यांचं मूळ एकच निघालं. चाक. ते आम्ही मुळातूनच दूर केलंय."

"मग ही जाते कशी?"

"जायची गरजच नाही." त्यांनी बटण दाबले. पडद्यावर समुद्र आला. हँडलमधल्या पंख्याने वारा सोडला आणि एका नळीतून काकांच्या चष्म्यावर खारे पाणी उडाले.

"वा!" काका गहिवरून म्हणाले. "अगं बस, बस मागे. सीट बघ कशी लोण्यासारखी आहे!"

काकू उभ्याच राहिल्या.

अधिकाऱ्यांचे आणखी एक काम होते. कंपनीला प्रदर्शनात मांडायला पहिले मॉडेल हवे होते, आणि ते कुठेच शिल्लक नव्हते. काकांना मिस्त्री आठवला. नव्या गाडीवरून जाण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून तिघे चालत कोपऱ्यावर गेले. गॅरेजात ती उभीच होती. रंग उडालेला, मागे जादा चाक, आणि चाकाच्या खोबणीत वाळू.

"चालते का अजून?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"चालते का म्हणजे? परवाच समुद्रावरून आली."

काकूंनी काकांकडे पाहिले नाही. त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "कितव्यांदा?"

"ते कोण मोजतंय काकू! दर वर्षी जातो आम्ही दोघं." मिस्त्रीने आत नट-बोल्ट निवडत बसलेल्या आपल्या बायकोकडे मान उडवली. "जाताना मी चालवतो, येताना ती."

"आणि सीट?" काकांचा आवाज बारीक झाला होता.

"कडकच आहे की. बसायचं, दुखलं की उतरायचं, चहा घ्यायचा, परत बसायचं."

अधिकाऱ्यांनी तत्परतेने वही काढली. "ही सूचना समजायची का?"

"छे हो. असंच जातात."

"तरीही, ही गाडी प्रदर्शनासाठी..."

"प्रदर्शनात आमची नवी नेऊन ठेवा," काकू म्हणाल्या. "नाहीतरी ती हलत नाही." आणि आत डोकावून त्यांनी विचारले, "काय गं, उद्या सकाळी रिकामी आहेस?"

मिस्त्रीणबाईंनी हातातला नट डब्यात टाकला. "तुम्ही म्हणाल तेव्हा. पण काकू, मी जरा जोरात चालवते हं."

"चालव बाई. आधीच उशीर झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूरगामी दारात आली. बटाटे टोपलीत ओतून पिशवी पुन्हा भरली गेली होती. काका फाटकापाशी उभे राहून शेवटपर्यंत सूचना देत होते.

"अगं, सीट कडक आहे!"

"हाडं माझी आहेत."

"वारा लागेल! आणि त्या डोळ्याने तुला काय दिसणार?"

"अहो, समुद्र मोठा असतो. दिसेल."

मग काका हळूच म्हणाले, "मीही आलो असतो गं."

"या ना," काकू पदर खोचत म्हणाल्या. "पुढच्या मॉडेलात."

किक बसली. काकांनी काढलेल्या रस्त्याच्या दिशेने गाडी निघून गेली.

काका घरात आले, 'अंतिम'वर बसले, बटण दाबले. समुद्र आला. त्यांनी फॉर्म घेतला. पेन बराच वेळ सातव्या, सर्वांत लांबच्या प्रवासाच्या रकान्यावर टेकून राहिले. तिथे शाईचा एक ठिपका पडला, नकाशात गाव दाखवतात तसा. मग काकांनी वरच्या रकान्यात लिहिले : लाटांचा आवाज जरा कमी वाटतो.

अकराव्या दिवशी उत्तर आले. काकू तेव्हा कधीच्या परतल्या होत्या. मात्र उंबऱ्यावर चप्पल झटकली, की अजून थोडी वाळू पडत होती. काकांनी पत्र मोठ्याने वाचले. 'आवाज वाढवण्यात येईल. तसेच, आजवर आलेले साठ हजार फॉर्म तपासता, रकाना क्रमांक सात जवळपास सर्वांनीच कोरा ठेवल्याचे अथवा त्यात "लागू नाही" असे लिहिल्याचे आढळले. ग्राहकांची इच्छा ओळखून हा रकाना रद्द करण्यात येत आहे. त्याऐवजी आवडता रंग लिहावा.'

"काय लिहू गं?" काकांनी विचारले.

काकू वाळू झाडत होत्या. त्यांना ऐकू गेले नसावे.

तुम्ही काकांना हसलात, बरे झाले. हसल्याने मन हलके होते. साठ हजारांतला एक फॉर्म काकांचा. उरलेले कोणाकोणाचे, याची चौकशी कंपनीने केली नाही, आपणही करू नये. एवढेच ध्यानात असू द्या, की सगळ्यांच्या वर आणखी एक कार्यालय आहे. तिथला साहेब मोठा मायाळू. सीट कडक होती, वारा फार होता, पुढच्या मॉडेलची वाट बघत होतो, हे सारे तो मान डोलवत शेवटपर्यंत ऐकून घेतो. मग हसतो आणि फॉर्म पुढे सरकवतो. त्यात रकाना एकच आहे, आणि त्याचा क्रमांक सात आहे.