तिसऱ्या क्लॅम्पवरचं लेबल

मोजमापात चूक होऊ शकते, पण ती नेहमी दुसऱ्याची असते. मोटरदुरुस्तीच्या त्या कारखान्यातली सगळी चाचणी या भक्कम तत्त्वावर उभी होती आणि तत्त्वाचे रक्षक होते अचूकदादा. (टोपणनाव त्यांनीच सुचवलं होतं. एकमताने मंजूर झालं. मत एकच पडलं.)

त्या सकाळी पाणीपुरवठ्याच्या पंपाची मोटर तपासायची होती. चाचणी नीट पार पडली तर दादा चाचणीप्रमुख. फसली तर दादा परत गोडाऊनमध्ये, नट-बोल्ट मोजायला.

मोटर सहा किलोवॉट वीज खाणारी. मीटर म्हणाला, दोन.

दादांनी रीतसर शोधमोहीम काढली. मीटर बदलला: दोन. सेल बदलले: दोन. प्लग झटकला, पंखा बंद केला, खिडकी उघडली, मीटर दमला असेल म्हणून चहाच्या सुट्टीभर त्याला फडक्याखाली झोपवलं. दोनच! असे एकूण सतरा उपाय झाले. मोटरीच्या तीन वायरींवर चिमट्यासारखे बसवलेले, मीटरला जोडलेले तीन क्लॅम्प तेवढे राहिले, कारण ते खुद्द दादांनी बसवले होते. शिवाय प्रत्येकावर त्यांचंच लेबल होतं: "अचूकदादा. हात लावू नये."

सतराही उपाय दोनच म्हणतात, त्याअर्थी खोटा होता तो सहाचा आकडा. दादांनी अहवाल लिहिला: "सदर मोटर दोन किलोवॉटमध्ये सहाचं काम करते. हा शोध प्रस्तुत तपासनिसाच्या हातून लागला, याची नोंद व्हावी." मालक फोटोग्राफरला फोन लावायला लागले.

तेवढ्यात मोटरीच्या तारा गुंडाळणाऱ्या वाइंडिंग विभागातली दादांची मेहुणी हात पुसत आली.

"भावोजी, तिसरा क्लॅम्प उलटा बसलाय."

"उलटा कसा? नाव सरळ वाचता येतंय की!"

"नावाचं नाही विचारत. नावाखाली काय आहे?"

"डिंक."

तिने नखाने लेबल सोललं. खाली कंपनीने छापलेला बाण होता. तो मोटरीकडे हवा. हा भिंतीकडे बघत होता. तिसरी वायर खालून येत होती, त्यामुळे नाव उलटं दिसलं असतं. म्हणून दादांनी क्लॅम्पच फिरवला होता. मीटर बिचारा इमानदारीत हिशोब करत होता: दोन अधिक दोन, वजा दोन.

क्लॅम्प फिरवला. सहा. मालकांनी फोन ठेवला.

हल्ली चाचणीप्रमुख मेहुणी आहे. दादा गोडाऊनमध्ये नट-बोल्ट मोजतात. (पेट्यांवर लेबलं आहेत. सरळ आहेत.)

हसा, खुशाल हसा. फक्त घरातला वजनकाटा जास्त दाखवतो म्हणून तुम्ही त्याचे सेल बदललेत, तो या खोलीतून त्या खोलीत नेलात, चपला काढल्यात, श्वास रोखलात, ते उपाय जरा मोजून ठेवा. दादा एका सकाळीत सतरावर पोचले होते. तुमचं हे कितवं वर्ष?