खोकणाऱ्या देवाची कडी

"काकू, ही कडी निघत नाहीये," न्हाणीघराच्या आतून आवाज आला, आणि बाहेर खुर्चीत बसलेल्या लेखकाने डोळे मिटून घेतले.

त्या कडीचे दुखणे अकरा वर्षांचे होते. ती लागे, निघत मात्र नसे. घरातल्या दोघांनी तिच्याशी केव्हाच तह केला होता. दार नुसते लोटायचे, आणि बाहेर पाऊल वाजले की आतून खोकायचे. पाहुण्यांना ही रीत आधीच समजावून सांगण्यात येई. आज मात्र लेखकावर प्रबंध लिहिणाऱ्या संशोधिकेच्या हातावर पेनातली शाई सांडली, ती खांद्यावरच्या पिशवीसकट धावतच आत गेली, आणि लेखकाच्या पत्नीला तोंड उघडायला एक क्षण उशीर झाला.

"कडी नव्हती लावायची गं. नुसतं खोकायचं," पत्नी दाराशी जाऊन म्हणाली.

"खोकायचं? म्हणजे?"

"ते राहू दे आता. घाबरू नकोस."

"घाबरत नाहीये, पण पाचच्या आत प्रबंध द्यायचाय, काकू! आज शेवटचा दिवस. आणि सरांचं उत्तर अजून मिळालं नाही."

प्रबंधाचे नाव होते 'लेखकाच्या राजकीय व धार्मिक श्रद्धांचा त्याच्या अद्भुत कादंबरीवरील परिणाम'. पाने तीनशे बारा. लेखकाच्या चार खंडांच्या कादंबरीत एक देव होता. तो बंद दारामागे राहत असे. त्याला कोणी पाहिले नव्हते, फक्त त्याचे खोकणे ऐकले होते. त्या खोकल्यात संशोधिकेला एका संशयात्म्याची व्यथा सापडली होती, आणि तिसरे प्रकरण उभे राहिले होते. चौथे प्रकरण 'येणारा' या मुक्तिदात्यावर होते. गांजलेली प्रजा चार खंड त्याची वाट पाहते, आणि तो दर वर्षी एकच निरोप धाडतो : उद्या येतो. ही श्रद्धावंताची आशा की मतदाराची निराशा? लेखकाकडून लिहून आणा, नाहीतर मी सही करणार नाही, असे मार्गदर्शकांनी बजावले होते.

दाराखालच्या फटीतून एक कागद सरकत बाहेर आला.

"सर, वेळ आहे तोवर लिहून टाका ना. दोनच रकाने आहेत. धार्मिक आणि राजकीय."

लेखक स्टूल ओढून दारासमोर बसला. आतून एक अदृश्य, घुमणारा आवाज त्याला त्याच्या श्रद्धेविषयी विचारत होता. नेमक्या याच जागी त्याने आपल्या प्रजेला चार खंड बसवून ठेवले होते. दहा वर्षे चर्चासत्रांतून तो याच प्रश्नांना उत्तरे देत आला होता. श्रद्धावंतांपुढे तो श्रद्धावंत ठरला, बंडखोरांपुढे बंडखोर. टाळ्या दोन्हीकडे पडल्या. आता त्या टाळ्यांचा शीण तेवढा अंगात उरला होता, उतरत्या उन्हात भिंतीत उरणाऱ्या उष्णतेसारखा.

"मी मिस्त्रीला फोन लावते," पत्नी म्हणाली.

"त्याला नको!" लेखक स्टुलावरून उठलाच. "तो कुठला येतोय? अकरा वर्षं नुसतं 'उद्या येतो' म्हणतोय."

आत पाण्याचा नळ ठिबकत होता. तो घट्ट पिळल्याचा आवाज आला.

"सर, काय म्हणतो तो?"

"उद्या येतो."

"आणि काकू, ते खोकायचं म्हणालात, ते तुम्ही दोघं रोज करता?"

"रोज. शेजारीण मला दम्याचं औषध आणून देते."

"तिसरं प्रकरण सत्तर पानांचं आहे, सर," आतला आवाज अगदी हळू झाला. "चौथं एक्क्याऐंशी."

लेखकाला दाराशी क्षमा मागावीशी वाटली; पण कोणत्या शब्दांत, ते कळेना. तेवढ्यात पत्नीचा फोन लागला, बोलून झाला, आणि पंधरा मिनिटांत पिशवी घेऊन मिस्त्री दारात उभा राहिला.

"आज बरा उगवलास!" पत्नी म्हणाली. "अकरा वर्षं वाट बघतेय मी."

"माझ्यावर कशाला डाफरता, वहिनी?" मिस्त्रीने चप्पल काढली. "मी निघालो की दर वेळी साहेबांचा फोन. आज नको, उद्या ये. आतासुद्धा वाटेत दोनदा मोबाईल बघितला. म्हटलं, अजून कसा आला नाही?"

पत्नीने नवऱ्याकडे पाहिले. "अहो?"

"सुरुवातीला लिहिणं रंगात होतं. ठोकाठोक नको वाटली," लेखक कागदाकडे बघत म्हणाला. "मग सवय झाली. मग तो माणूस पुस्तकात शिरला. पुस्तकात येत नाही, तर घरात कसा येऊ देऊ? तो आला की पाचवा खंड. शेवटचा. आणि मला शेवट सुचत नाही गं."

"शेवट सुचत नाही म्हणून मी अकरा वर्षं खोकतेय?"

मिस्त्रीने दाराच्या फटीत पातळ पट्टी घातली, एकदा कलवली, एकदा उचलली. दार उघडले. संशोधिका बाहेर आली; हातावरची शाई निघाली नव्हती.

"मग सर, तुमची श्रद्धा नेमकी काय? काहीतरी लिहायला हवं मला."

"लिही, मी सांगते," पत्नी म्हणाली. "धार्मिक : आळस."

"आणि राजकीय?"

"वरीलप्रमाणे."

लेखकाने मुकाट्याने तसेच लिहिले आणि सही केली. इतके खरे त्याने बऱ्याच वर्षांत काही लिहिले नव्हते. संशोधिकेने ते दोनदा वाचले, घड्याळ पाहिले, मग पिशवीतून प्रबंधाचे पहिले पान काढून त्यावर काट मारली आणि नवे नाव लिहिले : 'अद्भुत कादंबरीचा तिच्या लेखकाच्या राजकीय व धार्मिक श्रद्धांवरील परिणाम'.

"उलटं केलं की बसतंय, सर."

"आणि आतली पानं?"

"आतली पानं कोण वाचतं?" ती म्हणाली, आणि कागद सावरत जिना उतरली.

मिस्त्रीने नवी कडी बसवली. अकरा वर्षांचे काम दहा मिनिटांत संपले. तो गेल्यावर घर फार मोकळे वाटू लागले; त्यात लपायला जागाच राहिली नव्हती. लेखक उठला, टेबलावरच्या कोऱ्या कागदांना वळसा घालून न्हाणीघरात गेला. कडी लावली. काढून पाहिली. पुन्हा लावली. ती अगदी अलगद सरकत होती.

पाच वाजले. पत्नीने दार वाजवले.

"अहो, चहा निवतोय. आणि कागद काढून ठेवलेत तुमचे टेबलावर. येताय ना बाहेर?"

आतून आधी, सवयीने, खोकला ऐकू आला.

"उद्या येतो," तो म्हणाला.