उपाय सापडला, सर्वांचे आभार

एका जंगलात, बाळांनो, अर्जुनाचं एक भलंमोठं झाड होतं. कुणाचं काही अडलं की त्यानं या झाडाच्या सालीवर प्रश्न कोरायचा. ज्याला ठाऊक असेल त्यानं खाली उत्तर कोरायचं. ज्याला ठाऊक नसेल तोही कोरायचाच. साल जरा खारट होती, त्यामुळे मोठ्यांचं वाचून होईपर्यंत पाडसं बुंधा चाटत बसायची.

झाडाची व्यवस्था टोचराव नावाच्या साळिंदराकडे होती. एखाद्या प्रश्नाखाली वर्षभर कुणी काही कोरलं नाही, की टोचराव तिथे आपला एक काटा ठोकायचा. काटा ठोकला की प्रश्न बंद. झाडावर सगळ्यांत वर त्यानं नियम कोरला होता: 'जुनी मढी उकरू नयेत.'

त्याचंही अगदीच चुकत नव्हतं. मागे एका रानडुकराच्या दाढदुखीखाली कुणीतरी नऊ वर्षांनी 'मलाही' असं कोरलं होतं. अख्खं जंगल पाला घेऊन डुकराकडे धावलं. डुक्कर जाऊन सात वर्षं झाली होती. त्याची बायको नव्यानं रडली.

तर एके सकाळी बकुळा नावाची भेकरी झाडापाशी धावत आली. तिच्या पाडसाची जीभ सुजली होती. दोन दिवस त्यानं दूध ओढलं नव्हतं आणि आता ते उभंही राहत नव्हतं.

शोधता शोधता तिला जुना प्रश्न सापडला. 'पाडसाची जीभ सुजली आहे. दूध ओढत नाही. काय करावे?' कोंडाबाई नावाच्या चौशिंगीनं तो सहा वर्षांपूर्वी कोरला होता. खाली अकरा उत्तरं होती. माकडानं विचारलं होतं, कोणतं पाडस. घुबडानं हल्लीच्या आयांना वळण नसल्याचं कळवलं होतं. शेवटी कोंडाबाईनंच कोरलं होतं: 'उपाय सापडला. सर्वांचे आभार.'

त्याखाली काटा.

कोणता उपाय, एवढंच बकुळाला विचारायचं होतं. टोचरावानं तिला अडवलं आणि नवा प्रश्न कोरायला सांगितलं. तिनं कोरला. टोचरावानं तो लगेच खरवडून टाकला.

"हा आधी विचारलेला आहे," तो म्हणाला. "जुना बघ."

"जुना बंद आहे, टोचरावकाका."

"म्हणून तर नवा विचार म्हटलं."

अशा तीन फेऱ्या झाल्या. मग बकुळा मटकन खाली बसली आणि रडू लागली.

तिथे मसनू नावाचा तरस उभा होता. जुनी मढी उकरून त्याच्या घराण्याचं पोट पिढ्यानपिढ्या चालत आलं होतं. तो नियम आपल्यालाच उद्देशून आहे अशी त्याची ठाम समजूत होती, आणि इतकी वर्षं तो आतल्या आत धुमसत होता. आज त्याला राहवलं नाही. त्यानं दातांनी काटा उपटला आणि टोचरावाकडे पाहिलं. टोचरावाला एकदम नदीवरचं काम आठवलं.

बकुळानं जुन्या प्रश्नाखाली आपला प्रश्न कोरला. बातमी फिरली. दुपारी म्हातारी कोंडाबाई लंगडत आली.

"अगं, उपाय कसला," ती म्हणाली. "झाड चाटताना काट्याचं टोक जिभेत मोडलं होतं. ते काढलं."

बकुळा मसनूला घेऊन घरी धावली. तिनं त्याच्या दातांकडे पाहिलं. मग पाडसाकडे पाहिलं. मग तिनं डोळे मिटले. मसनूनं पाडसाच्या तोंडात तोंड घातलं आणि टोक अलगद ओढून काढलं.

संध्याकाळी पाडस दूध प्यायलं. बकुळाला इतका आनंद झाला की ती तशीच झाडाकडे पळाली आणि तिनं ठळक अक्षरांत कोरलं: 'उपाय सापडला. सर्वांचे मनापासून आभार.'

टोचराव तोवर परतला होता. त्यानं ते वाचलं. प्रश्न सुटल्याचं पाहून त्याला समाधान वाटलं, आणि वर्षाची वाट न पाहता त्यानं तिथे नवा, चांगला टोकदार काटा ठोकला. शेजारी एक हरिणी नियम वाचत उभी होती. तिचं पाडस बुंधा चाटत होतं.

तात्पर्य: आपलं काम झालं की, बाळांनो, सर्वांचे आभार मानून घरी जावं. उपाय लिहून ठेवला, तर पुढच्यांनी आभार कोणत्या तोंडानं मानायचे?