घोरपडीचे दोन अर्ज

एका जंगलात दोन विद्यापीठं होती, बाळांनो. एक तळ्यात, एक वडावर. समोरासमोरच्या दोन दुकानदारांचं जितकं पटतं, तितकंच त्यांचं पटायचं.

त्या जंगलात सगुणा नावाची घोरपड राहायची. तिला पोहायला आवडे आणि झाडावर चढायलाही आवडे. तिनं दोन्हीकडे अर्ज केला आणि अर्जात हेच लिहिलं.

तळ्याच्या कासवसरांनी कळवलं, "झाडं आवडतात तर वडावर जा."

वडाच्या शेकरूसरांनी कळवलं, "पाणी आवडतं तर तळ्यात जा."

आई म्हणाली, "पुढच्या वर्षीही जमलं नाही, तर मामाबरोबर वारुळं उकरायला जायचं. जन्मभर."

सगुणा घाबरून सायाळकाकूंकडे गेली. काकू स्वतःच्याच पाठीचा काटा उपटून सगळ्यांचे अर्ज लिहून देत.

"अगं, लुगडं घ्यायला आलेल्या बाईपुढे घोंगडी उलगडतात का?" काकू म्हणाल्या.

"पण मला दोन्ही आवडतं, काकू."

"आवडू दे की. कळवू नकोस."

मग काकूंनी तळ्याच्या अर्जात लिहिलं, 'अंड्यातून डोकं बाहेर काढलं तेव्हापासून मला पाण्याचाच ध्यास आहे. झाडावर कसं चढतात, मला माहीत नाही.' वडाच्या अर्जात बरोबर उलटं लिहिलं.

दोन्हीकडून बोलावणं आलं. तळं घराजवळ होतं, म्हणून सगुणा तळ्यात गेली.

पहिल्याच दिवशी कासवसर म्हणाले, "मुलांनो, हल्ली एकाच विषयाला चिकटून चालत नाही. सर्वांगीण विकास हवा. पहिलं सत्र झाडावर चढण्याचं."

मासे एकमेकांकडे बघू लागले. सगुणेची नखं शिवशिवली.

तेवढ्यात शेजारचा झाडबेडूक टणाटण उड्या मारत काठावरच्या जांभळीच्या शेंड्यावर जाऊन बसला.

सरांनी मान लांब केली. "अर्जात तर चढता येत नाही म्हणाला होतास."

"हो सर, पण ते अर्जापुरतं..."

"खोटं लिहिणाऱ्याला इथे जागा नाही."

बेडूक वरच्या वरच घरी गेला.

मग सगुणा पुढे झाली. वीतभर चढली आणि धपकन पडली.

"शाबास," सर म्हणाले. "अर्जाप्रमाणे आहे."

दुसऱ्या दिवशी ती हातभर उंचीवरून पडली. मग खालच्या फांदीवरून. पडल्यावर थोडं कण्हायचीही. सत्र संपता संपता ती शेंड्यावर पोहोचली, तेव्हा सरांनी डोळे पुसले.

"काहीही येत नव्हतं हिला. आपल्या संस्थेनं घडवलं."

आदर्श विद्यार्थिनीचं कमळ तिलाच मिळालं. मासे बुंध्याशी धापा टाकत टाळ्या वाजवत होते.

सुट्टीत काकूंनी विचारलं, "काय शिकलीस गं?"

"पडायला," सगुणा म्हणाली. "तेवढंच येत नव्हतं."

तात्पर्य: बाळांनो, जे उत्तम येतं तेच शिकायला जावं. फक्त ते अजिबात येत नाही, असं सुवाच्य अक्षरात लिहून द्यावं, आणि पदवी हातात पडेपर्यंत विसरू नये.